कौलांचं वजन कुठे गेलं? एका उडालेल्या छपराचा प्रकरण अभ्यास

गेल्या वर्षी मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात मामीचा फोन आला तेव्हा मी बेळगावच्या उद्यमबागेत एका शेडचं माप घेत होतो. मागे पावसाचा आवाज इतका मोठा होता की तिचं बोलणं तुटक तुटक कळत होतं. "पत्रे गेले रे. सोप्यावरचे, माजघरावरचे, सगळे गेले. आज्जीला शेजारी नेलंय." माणसं धड आहेत ना, हे दोनदा विचारून घेतलं आणि निघालो.

घर उचगाव–बेकिनकेरे पट्ट्यात आहे. पाठीशी वैजनाथाचा डोंगर आणि पलीकडे चंदगड तालुका. लाल माती, भात, रताळी, बांधावर काजू. इथला मोठा पाऊस पश्चिमेकडून येतो, म्हणून जुनी घरं त्याच्याकडे पाठ करून बसलेली असतात. पश्चिमेला बुटकी भिंत, लांब खाली उतरलेलं पाखं आणि हातभर खिडकी, तर पूर्वेला दार आणि मोकळा सोपा. आजोबांनी बांधलेलं मामाचं घरही असंच आहे. भिंती जांभ्याच्या, मातीत रचलेल्या. पुढच्या मुख्य भागावर पत्रे होते, मागच्या स्वयंपाकघरावर अजून मंगळुरी कौलंच आहेत.

ते पत्रे २०२१ मध्ये घातले होते. त्या वर्षी मे महिन्यात तौक्ते चक्रीवादळ गोव्याच्या किनाऱ्याजवळून उत्तरेला सरकलं, तेव्हा घाटमाथ्यावरही वारं-पाऊस झाला. मामाच्या घराची शंभरेक कौलं सरकली आणि माजघरात गळलं. त्याआधीच माकडांनी कौलांचा पिच्छा पुरवला होता. शाकारणीला, म्हणजे कौलं परतायला, माणूस मिळेना, मिळाला तर मजुरी परवडेना. मामानं ठरवलं, कौलं काढून रंगीत पत्रे घालायचे. त्यानं मला फोन करून विचारलं होतं. मी पत्र्याची जाडी सांगितली, रंग कुठला टिकतो ते सांगितलं. पत्रे कशावर बसणार आहेत, ते मात्र विचारलं नाही. शेडची कामं करून पोट भरणाऱ्या माणसानं हा प्रश्न पहिल्यांदा विचारायला हवा होता. हे प्रकरण सविस्तर लिहून काढण्याचं मुख्य कारण तेच आहे.

पहिली रात्र

मी पोचलो तेव्हा पाऊस थांबला होता, वीज गेली होती आणि अंगणात माणसं जमली होती. एक बारा फुटी पत्रा खांबावरून घरात येणाऱ्या वायरीवर अडकून लोंबत होता. शेजारचा पोरगा ओला बांबू घेऊन तो पाडायला निघालेला. त्याला आधी मागे ओढलं. गावात अंधार आहे म्हणून वायर मेलेली आहे असं धरून चालायचं नसतं, लाइन कधीही परत येते आणि ओल्या बांबूतून करंट थेट अंगात येतो. १९१२ वर हेस्कॉमला, म्हणजे वीज कंपनीला, कळवलं आणि लाइनमन येईपर्यंत त्या बाजूला कुणाला फिरकू दिलं नाही. घरातला मेन स्विच कोरड्या जागी उभं राहून पाडला.

दुसरा धोका डोक्यावर होता. माजघराच्या वर फळ्यांचा माळा, आणि त्यावर वर्षभराचं भाताचं पिंजर. कोरडं पिंजर म्हणजे काहीच वजन नाही, पण भिजलं की ते पाणी धरून ठेवतं. फळ्या मधोमध वाकल्या होत्या आणि मामी त्यांच्याच खाली उभी राहून तांदळाची पोती ओढत होती. तिला बाहेर काढलं, खालून दोन वासे टेकू म्हणून उभे केले, मग कडेनं थोडं थोडं पिंजर खाली ओढलं. वादळात माणूस पत्रा लागून जखमी होतो तसा वादळ संपल्यावर अशा भिजलेल्या माळ्याखाली किंवा निसटलेल्या वाशाखालीही होतो.

छपरावर त्या रात्री कुणीही चढलं नाही. मामा चढायला निघाला होता. "ताडपत्री तरी टाकू की रे, पुन्हा आला तर?" पण ओली लाकडं, अंधार आणि कुठला वासा सुटलाय कुठला धरून आहे याचा पत्ता नाही. जे भिजायचं ते भिजलंच होतं. धान्य, कागदपत्रं आणि अंथरुणं मागच्या कौलांखाली हलवली. तिथे फारसं गळलं नव्हतं.

ताडपत्रीची चूक

सकाळी झाडलोट करण्याआधी फोटो काढले. चारी बाजूंनी घर, पडलेला प्रत्येक पत्रा जिथे होता तिथे, उघडे पडलेले वासे, भिजलेलं सामान. पंचनाम्याला येणारा माणूस दोन दिवसांनी येतो आणि तोवर घरच्यांनी सगळं आवरलेलं असतं, मग काय मोडलं होतं ते सांगायला तोंडच उरतं.

मग बेळगावच्या रविवार पेठेतून जाड ताडपत्री आणली आणि इथे माझ्याच हातून चूक झाली. ढग पुन्हा जमत होते. घाईत ताडपत्री अंथरली, कडांवर दगड ठेवले आणि दोऱ्या शिल्लक वाशांना बांधल्या. संध्याकाळी वारं सुटलं. ताडपत्री फुग्यासारखी वर उचलली, कडेच्या दोन कड्या फाटल्या, दगड घरंगळून अंगणात पडले. त्यातला एक आज्जीच्या रोजच्या बसायच्या जागेपासून हातभर अंतरावर पडला. ती तिथे नव्हती, एवढंच. दोरी ज्या वाशाला बांधली होती तो वासाही जागचा हलला.

दुसऱ्या दिवशी नीट केलं. ताडपत्री आढ्याच्या पलीकडे चारेक फूट जाईल एवढी घेतली, म्हणजे पाणी वरच्या कडेतून आत शिरत नाही. तिची कड लाकडी पट्टीभोवती दोन वेढे गुंडाळली आणि ती पट्टी स्क्रूनं आवळली. कापडात थेट खिळा मारला तर वारं तिथूनच फाडतं. मधे झोळ राहू दिला नाही, कारण झोळात पाणी साठतं आणि शंभर-दोनशे किलो वजन एकाच जागी बसतं. आणि दोऱ्या वाशांना न बांधता थेट जमिनीत ठोकलेल्या खुंट्यांना बांधल्या. ती ताडपत्री पुढचे अडीच आठवडे टिकली. मधल्या काळात दोन वळीव झाले.

खिळे धरून होते

गावानं निदान पहिल्याच दिवशी केलं होतं. पत्रा हलका होता, मेस्त्रीनं खिळे कमी मारले. मलाही आधी तसंच वाटलं. पण पडलेले पत्रे गोळा करताना एक गोष्ट लक्षात आली. शेतात, गोठ्यामागे, काजूच्या झाडात, जिथे जिथे पत्रे सापडले तिथे ते एकेकटे नव्हते. तीन-तीन, चार-चार पत्रे एकत्र होते आणि त्यांच्या पोटाला लाकडी रिपा, म्हणजे वाशांवरच्या आडव्या पट्ट्या, अजून चिकटलेल्या होत्या. खिळे जागच्या जागी. दोन ठिकाणी तर रिपांबरोबर अख्खे वासेच गेले होते.

म्हणजे पत्रा आणि रीप यांच्यातला सांधा पक्का होता. सुटला तो त्याच्या खालचा. रिपा वाशांवर एकेका बारीक खिळ्यानं बसवल्या होत्या आणि वासे भिंतीच्या माथ्यावर नुसते टेकलेले होते. भिंतीत खाच आणि खाचेत वाशाचं टोक. ना पट्टी, ना बोल्ट, ना तार. आजोबांच्या काळात तसंच करत आणि त्यात काहीच चूक नव्हती. कारण तेव्हा वर कौलं होती.

याचा हिशेब मांडून दाखवला तेव्हा मामाला पटलं. एक मंगळुरी कौल साधारण अडीच-तीन किलोचं, चौरस मीटरला पंधराच्या आसपास लागतात. म्हणजे चौरस मीटरला चाळीस-पंचेचाळीस किलो. मामाचं ते छप्पर सुमारे साठ चौरस मीटर. पूर्वी त्या वाशांवर अडीच टनांच्या वर ओझं होतं आणि त्या ओझ्यानंच सगळं छप्पर भिंतीवर दाबून धरलं होतं. २०२१ मध्ये कौलं उतरली आणि जागी पत्रे आले, चौरस मीटरला चार-साडेचार किलोचे. अडीच टनांच्या जागी पाव टन. वासे तेच, खाचा त्याच.

आता वाऱ्याची बाजू. भारतीय मानक ८७५ च्या तिसऱ्या भागात वाऱ्याचा दाब काढायचं साधं सूत्र आहे: वेग मीटर प्रति सेकंदात घ्या, त्याचा वर्ग करा, ०.६ नं गुणा, चौरस मीटरला इतके न्यूटन. ताशी ९० किलोमीटरचा झोत म्हणजे सेकंदाला २५ मीटर. दाब ३७५ न्यूटन, म्हणजे सुमारे ३८ किलो. हा दाब भिंतीला ढकलतो, पण उतरत्या छपरावरून वारं निसटताना त्याला वर ओढतं. आढ्याजवळ, वळचणीला आणि कोपऱ्यांत ही ओढ सगळ्यात जास्त. त्यात पूर्वेचा मोकळा सोपा. वारं आत शिरलं, बाहेर पडायला पश्चिमेला हातभर खिडकी, त्यामुळे आतूनही छपराला वर रेटत राहिलं. दोन्ही ताकदी एकाच दिशेला लागल्या. कौलं असती तर ओढ आणि ओझं जवळपास तोलून गेलं असतं. पत्र्याखाली धरून ठेवायला काही नव्हतंच.

मागच्या स्वयंपाकघरावरची कौलं त्याच वाऱ्यात होती. वळचणीच्या दोन ओळी आणि आढ्याची चार-पाच कौलं उडाली, बाकी हललीसुद्धा नाहीत.

आणखी एक गोष्ट, जी मला हिशेबापेक्षाही महत्त्वाची वाटते. कौलांच्या घरात दर वर्षी मे महिन्यात शाकारणी होते. कौलं परतायला कुणीतरी वर चढतो, कुजलेली रीप दिसते, वाळवी लागलेला वासा दिसतो, फुटलेलं कौल बदललं जातं. घराला ती वर्षाची तपासणीच होती, फक्त तिला तसं नाव नव्हतं. पत्रे घातले आणि शाकारणी संपली, म्हणून तर लोक पत्रे घालतात. मामाच्या घरात चार वर्षं कुणी छपरावर गेलंच नाही. उडालेल्या वाशांपैकी दोघांची टोकं भिंतीच्या खाचेत वाळवीनं पोकळ केली होती. माती भुसभुशीत, त्यात लाकूड, वरून कोरडं. वाळवीला यापेक्षा बरी जागा कुठली?

वळीव पश्चिमेचं ऐकत नाही

घर पावसाकडे पाठ करून बांधलेलं आहे, मग हे झालं कसं, हा मामाचा प्रश्न रास्त होता. जून-जुलैचं वारं पश्चिमेकडून आणि बऱ्यापैकी एकसारखं येतं. वळवाचं तसं नाही. दुपारभर उकडतं, ढग कोबीच्या गड्ड्यासारखा वर चढतो, आणि पाऊस-गारा खाली येताना आजूबाजूची हवा गार करून बरोबर ओढून आणतात. ती जड हवा जमिनीवर आपटते आणि चहूकडे धावते. म्हणून पहिला थेंब पडायच्या आधी गार वाऱ्याचा तडाखा बसतो. तो कुठून येईल हे ढग कुठे उभा आहे त्यावर ठरतं. त्या दिवशी ढग गावाच्या ईशान्येला होता आणि वारं थेट मोकळ्या सोप्यात शिरलं. घराची बांधणी मृगाच्या पावसासाठी होती, वळवाला तिनं दार उघडं ठेवलं होतं.

पर्याय

आज्जीला कौलंच हवी होती. "पत्र्याखाली उन्हाळ्यात जीव जातो, पावसात कान जातात." तिचं म्हणणं खरं होतं आणि मी ते मनापासून तोलून पाहिलं. पण जुनी कौलं चार वर्षांपूर्वीच वाटून-विकून टाकली होती, वासे निम्मे गेले होते, माकडं होती तशीच होती. स्लॅबचा विचार मामाच्या मुलाचा. मातीत रचलेल्या भिंतींवर स्लॅबचं ओझं टाकायचं म्हणजे खांब-तुळयांचा वेगळा सांगाडा आला, आणि तेवढे पैसे नव्हते.

मामाचा स्वतःचा पर्याय सोपा होता. नवे वासे, तेच पत्रे, दुप्पट खिळे. हाच पर्याय गावात दहातली नऊ घरं घेतात, म्हणून त्याच्यावर जरा थांबतो. दुप्पट खिळ्यांनी पत्रा रिपेला दुप्पट घट्ट बसला असता, आणि पुढच्या वळवात पत्रे, रिपा, वासे असं सगळं मिळून एका तुकड्यात उडालं असतं. सुटे पत्रे उडण्यापेक्षा ते जास्त घातक. वारं छपराला जिथे पकडतं तिथून जमिनीपर्यंत एक साखळी असते: पत्रा, स्क्रू, रीप, कैची (छपराचा त्रिकोणी सांगाडा), भिंतीचा माथा, भिंत, पाया. वरच्या दोन कड्या बळकट करून तुटायची जागा फक्त खाली सरकते.

मामानं विचारलं, "मग खर्च कुठे वाचवायचा?" मी म्हणालो, रंगात वाचव, सोप्याच्या फरशीत वाचव, पत्र्याच्या नक्षीत वाचव. पण भिंतीच्या माथ्यावर वाचवू नकोस. तो दोन दिवस बोलला नाही. तिसऱ्या दिवशी मामीनं पाटल्या गहाण टाकल्याचं त्यानं मला सांगितलं, आणि त्या क्षणापासून हे काम माझ्या घरचं झालं.

माथ्यावरचा पट्टा

मोठा पाऊस जूनच्या पहिल्या आठवड्यात धरायचा, म्हणजे हातात तीन आठवडे. काँक्रीटला पाणी मारायला सात दिवस सोडले तर दोनच. म्हणून कैच्या बेळगावात वेल्डिंग करून घेतल्या, तोवर गावात भिंतीचं काम चाललं.

भिंतींच्या माथ्यावरचा सैल झालेला थर काढला आणि चारी बाजूंनी न तुटणारा काँक्रीटचा पट्टा ओतला, नऊ इंच रुंद, सहा इंच उंच, आत दहा मिलिमीटरच्या चार सळ्या आणि रिंगा. कोपऱ्यांत सळ्या वळवून दुसऱ्या भिंतीत दोन फूट नेल्या. इथे बहुतेक ठिकाणी चुकतं, सळी कोपऱ्यातच कापतात आणि पट्टा कोपऱ्यातच फाटतो. चार कैच्या, म्हणजे टेकायच्या आठ जागा. प्रत्येक जागेखाली भिंत चार फूट खोल फोडून सोळा मिलिमीटरच्या सळ्या खाली आकडा वळवून सोडल्या आणि तो खड्डा काँक्रीटनं भरला. मातीत रचलेल्या भिंतीत वरवर भोक पाडून बोल्ट ठोकला तर तो हातानं उपसून निघतो. खोल गेलेली सळी मात्र वरचे चार फूट जांभा कवेत घेते.

पट्ट्याचं माप काढलं तेव्हा एक गोष्ट मलाही नव्यानं कळली. भिंतींची एकूण लांबी साधारण एकोणतीस मीटर, पट्ट्याचं वजन मीटरला पंच्याऐंशी किलोच्या आसपास. एकूण अडीच टन. कौलांचं जे वजन चार वर्षांपूर्वी वरून उतरवलं होतं, तेच भिंतीच्या माथ्यावर परत आलं.

तेवढ्यानं भागत नव्हतं, म्हणून तर खोल सळ्या. मानकाच्या यादीत पुणे आणि पणजी दोन्हींसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर दिला आहे, ताशी १४० किलोमीटर. आमचं गाव त्या दोघांच्या मधे, म्हणून मीही ३९ धरला. सूत्रात घातला की दाब ९० किलोच्या वर जातो, साठ चौरस मीटरला साडेपाच टन. त्यातला पट्ट्यानं आणि लोखंडानं न पेलवलेला भाग भिंतीच्या वजनावर जायला हवा, आणि जांभ्याच्या भिंतीचं वजन कितीतरी जास्त आहे. फक्त ते कामाला लावावं लागतं.

कैच्या आयताकृती पाइपच्या, प्रत्येक टोक प्लेटवर दोन बोल्टांनी आवळलेलं. उतार जुनाच ठेवला, पंचवीस-सव्वीस अंशांचा. फॅब्रिकेटर म्हणत होता दहा अंशांवर आणू, पत्रा कमी लागेल. पत्रा कमी लागतो हे खरं, पण सपाट छपरावर वाऱ्याची ओढ वाढते. चक्रीवादळी भागांतल्या बुटक्या घरांसाठी १५४९८ क्रमांकाचं भारतीय मानक आहे, ते २२ ते ३० अंशांचा उतार सुचवतं आणि छपराचा भिंतीबाहेरचा भाग अर्ध्या मीटरच्या आत ठेवायला सांगतं. मामाच्या सोप्याकडची वळचण तीन फूट बाहेर होती. ती दीड फुटावर आणली. सोप्यापुढे झड येऊ नये म्हणून वेगळं छोटं छप्पर स्वतःच्या खांबांवर उभं केलं, मुख्य छपराला न जोडता. उद्या उडालंच तर ते एकटं जाईल.

पत्रा अर्ध्या मिलिमीटरचा घेतला. दुकानात 'पॉइंट पाच' म्हणून जे देतात ते रंग आणि लेप धरून मोजलेलं आहे की नुसतं लोखंड, हे विचारून घ्यावं. आम्ही मायक्रोमीटर नेला होता. रिपा लोखंडी, मधे चार फुटांवर, आढ्याला आणि वळचणीला तीन फुटांवर. कडेच्या सगळ्या ओळींत प्रत्येक नळीवर स्क्रू, मधल्या भागात एक सोडून एक. स्क्रूखालचं रबरी वॉशर किंचित फुगेपर्यंतच आवळायचं. जास्त आवळलं की ते चिरतं आणि दोन उन्हाळ्यांत गळायला लागतं. पोरं मशीन दाबून धरत होती, त्यांना पहिल्या दिवशी शेजारी बसून पन्नास स्क्रू दाखवावे लागले. वर चढणाऱ्या प्रत्येकाच्या कमरेला दोर होता आणि दोर कैचीला बांधलेला होता. याबद्दल मी कुणाशी वाद घालत बसलो नाही, दोर नाही तर काम नाही.

पश्चिमेच्या भिंतीत छपराखाली जाळी ठेवली. सोप्यातून शिरलेल्या वाऱ्याला बाहेर पडायला वाट झाली. आज्जीच्या उकाड्यालाही थोडा उतारा पडला.

मागच्या कौलांना हात लावला, पण बदललं नाही. मंगळुरी कौलाच्या पोटाला भोक असलेला एक कान असतो, तार ओवण्यासाठीच. वळचणीच्या आणि दोन्ही टोकांच्या ओळी जस्ती तारेनं रिपांना बांधल्या, आढ्याची कौलं सिमेंटमध्ये बसवली. दोन माणसं, एक दिवस. ज्यांच्या घरावर अजून कौलं आहेत त्यांना मी एवढंच काम आधी करायला सांगतो.

कागद

पत्रे उडाले त्याच्या दुसऱ्या दिवशी मामा ग्रामपंचायतीत पीडीओंना, म्हणजे पंचायत विकास अधिकाऱ्यांना, भेटला आणि तलाठ्याला कळवलं. अर्ज कन्नडमध्ये द्यायचा असतो. गल्लीतल्या एका शिक्षिकेनं लिहून दिला. जोडीला घराचा ई-स्वत्तू (पंचायतीचा मालमत्तेचा) उतारा, आधार, बँक पासबुक आणि ते फोटो. पंचनाम्याची प्रत मागून घेतली.

गावाचा समज पाच लाखांचा होता. २०१९ च्या पुरानंतर पूर्ण पडलेल्या घरांना कर्नाटक सरकारनं पाच लाख जाहीर केले होते, तोच आकडा लोकांच्या डोक्यात बसलाय. पण ते पूर्ण पडलेल्या घरांसाठी होतं. केंद्राच्या २०२२ ते २०२६ या काळासाठीच्या आपत्ती-मदतीच्या निकषांत, किमान पंधरा टक्के नुकसान झालेल्या घराला पक्कं असेल तर ६,५०० रुपये आणि कच्चं असेल तर ४,००० रुपये होते. मामाचं घर दुसऱ्या रकान्यात बसलं. मामाला वाईट वाटलं, मलाही वाटलं. मातीत रचलेली जांभ्याची भिंत साठ वर्षं उभी आहे आणि कागदावर ती कच्ची आहे.

कामाचा सगळा खर्च पावणेदोन लाखांच्या घरात गेला. त्यात पट्टा, खोल सळ्या आणि प्लेटा मिळून तीस हजारांच्या आत. घराचा विमा नव्हता. सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांना १ एप्रिल २०२१ पासून 'भारत गृह रक्षा' ही एकसारखी पॉलिसी द्यावी लागते आणि तिच्यात वादळानं झालेलं नुकसान धरलेलं आहे. नव्या छपराचे फोटो आणि बिलं जोडून मामाच्या मुलानं नंतर चौकशी सुरू केली.

जूनच्या दोन तारखेला शेवटचा पत्रा बसला. तिसऱ्या दिवशी पाऊस धरला.

या वर्षी अक्षय्य तृतीयेला मी आणि मामा शिडी लावून वर गेलो. शाकारणी नाही, पण तिचीच वेळ. एकेक ओळ हातानं तपासली. उत्तरेच्या टोकाला तीन स्क्रू सैल निघाले, एका प्लेटच्या नटावर गंज दिसला, तो घासून रंग लावला. वरून गोठा दिसत होता. त्याच्यावर जुने सिमेंटचे पत्रे आहेत, दोन तडकलेले, आणि खाली वासे तसेच खाचेत टेकलेले. ते पत्रे कोरडे कापायचे किंवा फोडायचे नाहीत, त्यात अॅस्बेस्टॉस आहे. पाणी मारून अख्खेच उतरवायचे, असं मामाला सांगितलं. त्यानं खिशातून टेप काढला आणि गोठ्याच्या भिंतीची लांबी मोजायला खाली उतरला.